लेन्स न बदलणारे जुने रेंजफाइंडर कॅमेरे : एवढं काय आहे त्यांच्यात?

प्रश्न असा आहे की खिशात चांगला मोबाइल आहे, कपाटात डीएसएलआर पडून आहे, तरी लोक पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, लेन्ससुद्धा न बदलता येणारे रोलचे कॅमेरे का शोधत फिरतात, नुसती फॅशन आहे का, आणि घ्यायचाच झाला तर कोणता घ्यावा. मी पंचवीसेक वर्षं हेच कॅमेरे वापरतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं घरच्या डायनिंग टेबलावर उघडून दुरुस्तही करतोय (बायकोचं म्हणणं असं की ते टेबल आता जेवायचं राहिलेलंच नाही), त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

फॅशन आहे का, तर आहे, थोडीफार आहे. गळ्यात छान दिसतो म्हणून घेणारेही खूप आहेत आणि त्यांचे कॅमेरे दोन वर्षांनी माझ्याकडे बुरशी काढायला येतात. 'फिल्मचा लूक' वगैरे जे बोललं जातं त्यात मला तरी फार दम वाटत नाही, कारण शेवटी तुम्हाला मिळतो तो लॅबवाल्याचा स्कॅन, आणि रंग कसे येणार ते त्याच्या स्कॅनरवर आणि त्या दिवशीच्या मूडवर. मला या कॅमेऱ्यांचं जे वेड आहे त्याचं कारण वेगळं आहे. यांच्यात सगळं आधी करून ठेवता येतं. फोटोच्या क्षणी करण्यासारखं काही उरतच नाही, बटण दाबायचं, बस.

म्हणजे कसं ते सांगतो. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते तिथे मी बऱ्याच वेळा गेलोय. आषाढातलं दाट ढगाळ आभाळ, कॅमेऱ्यात आयएसओ ४०० चा (रोल उजेडाला किती संवेदनशील त्याचा हा आकडा) ब्लॅक अँड व्हाइट रोल. सकाळी घाटाच्या पायथ्याशी उभं राहून मी शटर १/२५० वर (सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडणारं) लावतो, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, आकडा जेवढा मोठा तेवढं ते लहान) एफ ८ वर, आणि फोकसची रिंग फिरवून ३ मीटरवर. ४० मिमीच्या लेन्सला एफ ८ वर ३ मीटरला फोकस केलं की साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंतचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. झालं काम. आता एखादी माउली तुळस डोक्यावर घेऊन समोरून आली, तीन-चार पावलांवर आली की कॅमेरा डोळ्याला, क्लिक, खाली. ती माउली थांबत नाही, मी तिला थांबवत नाही. कॅमेरा बंद-चालू करायचा नाही, फोकस कुठे लागतोय ते बघत बसायचं नाही, तो चुकून मागच्या पताकेवर गेला म्हणून हळहळायचं नाही. ऊन पडलं तर अ‍ॅपर्चर दोन घरं पुढे, परत ढग आले की मागे. रिंगवर आकडे कोरलेले आहेत, कॅमेरा गळ्यात लटकत असतानाच वरून दिसतात.

आणि लेन्स बदलता येत नाही हे त्या आधीच करून ठेवण्यातलंच आणखी एक काम समजा. ते तुमच्यासाठी कंपनीनेच करून ठेवलंय. यातले बहुतेक कॅमेरे ३८ ते ४५ मिमीच्या लेन्सचे. सहा महिने एकच लेन्स वापरली की तीन मीटरवरून माणूस चौकटीत किती बसणार, चपलांपासून टोपीपर्यंत बसणार की कंबरेतून कापला जाणार, हे डोळ्याला कॅमेरा न लावता कळायला लागतं. वाण्याच्या हाताला जशी पावशेराची सवय असते तसं. झूम असली की माणूस जागेवर उभा राहून रिंग फिरवतो, इथे पाय हलवावे लागतात. तोटेही आहेत, उगाच लपवत नाही. लांबचा पक्षी विसरा. फुलाचा क्लोज-अप विसरा, कारण जवळात जवळ फोकस ८० सेंटिमीटर ते एक मीटरच्या आसपास. नुसत्या चेहऱ्याचा फोटो काढायला जरा जास्तच जवळ जावं लागतं आणि मग नाक मोठं येतं, घरचे रागावतात.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय ते थोडक्यात, कारण अनेकांना वाटतं हा नुसता जुन्या धाटणीचा आकार आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर दोन खिडक्या असतात, एक मोठी जिच्यातून तुम्ही बघता आणि थोड्या अंतरावर एक छोटी. छोट्या खिडकीतलं चित्र आतल्या आरशावरून फिरून मोठ्या खिडकीच्या मधोमध एका पिवळसर ठिपक्यात पडतं. तुम्ही फोकसची रिंग फिरवता तेव्हा एक तरफ हलते, ती तरफ तो आरसा केसभर फिरवते आणि ठिपक्यातलं चित्र सरकतं. समोरच्या माणसाच्या चष्म्याची दांडी दोन-दोन दिसते ती एक झाली की फोकस लागला. आपले दोन डोळे अंतर ओळखतात तेच तत्त्व, फक्त पितळेच्या तरफेने केलेलं. यात बॅटरी नाही, मोटर नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात साध्या झूमवाल्या एसएलआरमध्ये (ज्यात आतल्या आरशावरून लेन्समधूनच बघायचं असतं) काळोख दिसतो तिथेही हा ठिपका दिसतो, आणि चौकटीच्या रेषांच्या बाहेरचंही दिसतं, म्हणजे डावीकडून कोण चौकटीत शिरतोय ते आधी कळतं. बटण दाबतानासुद्धा समोरचं क्षणभर काळं होत नाही कारण वर उडणारा आरसाच नाही.

एक मोठा खड्डा मात्र आहे. तुम्ही लेन्समधून बघतच नसता, त्यामुळे लेन्सवर झाकण तसंच असलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतं. मी एका मावसभावाच्या मुंजीत अख्खे ३६ फोटो झाकण लावून काढलेत. मावशीने पुढची पाच वर्षं प्रत्येक कार्यात 'झाकण काढलंस का रे' विचारलं. तेव्हापासून मी या कॅमेऱ्यांना झाकण लावतच नाही, साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवतो.

शटरबद्दल बोलायलाच हवं. एसएलआरमध्ये पडद्याचं शटर फिल्मपुढे असतं, इथे लेन्सच्या आतच पातळ पोलादी पाकळ्या असतात ज्या उघडतात आणि मिटतात. आवाज म्हणजे कोणीतरी दाताने बडीशेप फोडावी एवढा. घरगुती गाण्याच्या बैठकीत आलापाच्या मध्ये फोटो काढला तरी तबलजी मान वर करत नाही. आरशाचा धक्का नाही म्हणून श्वास रोखून १/१५ लाही हातात धरून बरेच फोटो निभावतात. आणि फ्लॅश शटरच्या कोणत्याही स्पीडला चालतो, १/५०० लाही, म्हणजे भर दुपारच्या लग्नात फेट्याखाली काळा पडलेला नवरदेवाचा चेहरा उजळता येतो. जुन्या एसएलआरमध्ये हे जमत नाही, तिथे १/६० किंवा १/१२५ ला अडकता.

कोणता घ्यावा. इथे आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळे जुने कॅमेरे 'मेकॅनिकल' नसतात. यशिका इलेक्ट्रो ३५ हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, १९६६ पासूनचा कॅमेरा, ४५ मिमी एफ १.७ ची लेन्स फार सुंदर, पण शटर इलेक्ट्रॉनिक. तुम्ही अ‍ॅपर्चर लावायचं, स्पीड तो ठरवणार, आणि बॅटरी संपली की तो फक्त १/५०० वरच चालतो. वर मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, ६ व्होल्टची छोटी बॅटरी स्प्रिंग किंवा अडॅप्टर घालून बसवावी लागते, ते जमतं. त्याच्या पोटात एक रबरी गादी असते, ती वयाने विरघळली की उजेड मोजणारं मीटर वेड्यासारखं वागतं. विकत घेताना रोल पुढे करायचा खटका ओढा, आतून 'ठक्क' असा आवाज यायला हवा. आला नाही तर गादी गेली, किंमत पाडून मागा नाहीतर सोडून द्या.

माझा कल कॅननेट क्यूएल१७ जी-३ कडे. १९७२ चा, ४० मिमी एफ १.७, वजन ६२० ग्रॅम, स्पीड १/४ ते १/५००. ऑटोवर ठेवलात तर तुम्ही स्पीड लावायचा आणि अ‍ॅपर्चर तो निवडतो, खिडकीत काटा दिसतो. रिंग ऑटोवरून काढलीत की बॅटरी असो नसो, सगळा कॅमेरा चालतो. फक्त मॅन्युअलवर त्याचं मीटर बंद होतं, हे खटकतं, पण मोबाइलवर मीटरचं अ‍ॅप टाकलं की भागतं आणि सहा महिन्यांनी तेही लागत नाही. लख्ख उन्हात आयएसओ जेवढा तेवढा स्पीड (४०० चा रोल असेल तर जवळचा १/५००) आणि एफ १६, हलके ढग असले तर एफ ११, पूर्ण ढगाळ एफ ८, दाट मळभ किंवा मोकळी सावली एफ ५.६, एवढी उजळणी पुरते. क्यूएल म्हणजे 'क्विक लोड', रोलची जीभ खुणेपर्यंत ओढायची आणि झाकण लावायचं, ती आपोआप पकडली जाते. ज्यांनी पहिल्याच रोलला जीभ स्पूलमध्ये न अडकवता ३६ कोरे फोटो काढलेत त्यांना याची किंमत कळेल. (कुठलाही कॅमेरा असो, रोल पुढे करताना डावीकडची गुंडाळायची खुंटी गरगरतेय का बघायचं. ती हलत नसेल तर रोल पुढे जात नाहीये.)

हलका हवा असेल तर १९७० चा ऑलिंपस ३५ आरसी. चारशे ग्रॅमच्या आसपास, हातात मावतो, खिडकीत स्पीड आणि अ‍ॅपर्चर दोन्ही दिसतात. लेन्स एफ २.८ आहे आणि सर्वात कमी स्पीड १/१५, म्हणजे रात्री पंचाईत. कोनिका ऑटो एस२ मोठा आहे, जड आहे, पण लेन्स धारदार आणि उन्हासाठीची छत्री लेन्सवरच सरकवून पुढे येते, ती हरवत नाही. मिनोल्टा हाय-मॅटिकचा किस्सा तर सांगायलाच हवा. २० फेब्रुवारी १९६२ ला अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला तेव्हा त्याच्याकडे जो छोटा कॅमेरा होता तो अ‍ॅन्स्को नावाने विकला जाणारा हाय-मॅटिकच होता, फ्लोरिडातल्या एका औषधांच्या दुकानातून घेतलेला. हातमोजे घालून रिंगा फिरवता येणार नाहीत म्हणून ऑटो एक्स्पोजरवाला हवा होता, आणि हेल्मेटमुळे तो उलटा धरून त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली. सगळं आधी करून ठेवायचं आणि वेळेला फक्त बटण, हे माणसाला अंतराळातही सोयीचंच वाटलं.

जर्मन घ्यायचा असेल तर कोडॅकचा रेटिना टू-ए, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा, श्टुटगार्टला बनलेला, घडी करून सदऱ्याच्या खिशात जाणारा. मीटर वगैरे काही नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. याचा एक गमतीदार चकवा आहे. फोटोंचा आकडा उलटा मोजत येतो आणि शेवटाला पोचला की कॅमेरा लॉक होतो. एक गृहस्थ 'वडिलांचा कॅमेरा जॅम झालाय, तीन ठिकाणी दाखवला, पार्ट मिळत नाही म्हणतात' असं सांगत घेऊन आले. मी आकडा सरकवून ३६ वर नेला आणि खटका ओढला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. पैसे काय घेणार, चहा पाजलान त्यांनी.

या सगळ्या जमातीचं काय झालं तर १९७७ ला कोनिकाने सी३५ एएफ काढला, बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा, आणि मग रिंग फिरवून दोन चित्रं जुळवायची गरज सामान्य माणसाला उरली नाही. पाच-सात वर्षांत हे सगळे बंद झाले.

आपल्याकडे हे कॅमेरे तसे कमीच आले कारण परदेशी माल सहज मिळत नव्हता. घराघरात आग्फाचा क्लिक ३ असायचा, १२ फोटोंचा रोल, आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल. कॅननेट किंवा यशिका असायचा तो कोणी काका बोटीवर होते किंवा आखातात नोकरीला होते म्हणून. म्हणूनच कोकणातल्या आणि मुंबईच्या जुन्या घरांतून ते अजून निघतात. विकत घ्यायचा तर मुंबईत फोर्टला बोरा बाजार आहे, चोर बाजारातही दिसतात, पण चोर बाजारात 'चालू आहे साहेब' याचा अर्थ बटण दाबल्यावर काहीतरी आवाज होतो एवढाच.

म्हणून घेताना स्वतः बघा. मागचं झाकण उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेतोवर उघडं राहतं ती खूण) ठेवून बटण दाबून धरा आणि लेन्समधून मोबाइलची टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी. कडेला एखादा धागा असेल तर फोटोत काही दिसत नाही, पण मधोमध जाळं असेल आणि काचेचा लेपच खाल्ला असेल तर तो साफ करूनही राहतोच. मग सगळ्यात हळू स्पीड लावा. १/४ ला 'झ्झिप' असा छोटासा आवाज येऊन पाकळ्या मिटल्या पाहिजेत, अर्ध्यात अडकल्या तर तेल आलंय. कॅननेट ऑटोवर असताना बटण दाबत नसेल तर मात्र घाबरू नका. उजेड खूप कमी किंवा खूप जास्त असला की तो मुद्दाम अडवतो, बॅटरी नसली तरी तेच. ऑटोवरून काढून बघा. शेवटी लांबच्या मोबाइल टॉवरवर फोकस अनंताला ठेवा, ठिपक्यातली दोन चित्रं एक व्हायला हवीत. शेजारी-शेजारी राहिली तर एक स्क्रू फिरवून जुळतात, वर-खाली राहिली तर जरा जास्त खटपट.

अडकलेल्या पाकळ्यांवर मशीनचं तेल घालू नका. हे मी हात जोडून सांगतोय. या पाकळ्या कोरड्याच चालायच्या असतात, तेलाचा एक थेंब गेला की त्या ओल्या पापडासारख्या एकमेकींना चिकटतात. लायटरच्या पेट्रोलने धुवाव्या लागतात, दोन-तीनदा, आणि तेही पुढची काच काढून, नाहीतर पेट्रोल तेल विरघळवून लेन्सवरच पसरवतं. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम डांबरासारखा झालेला असतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातकोरणीने खरवडून काढा आणि त्या जागी काळी लोकर चिकटवा, बारीक खाचेत लोकर फोमपेक्षा छान बसते आणि उजेड आत येत नाही.

बॅटरीचं म्हणाल तर कॅननेटसारख्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची लागायची, ती बंद झाली. आजची १.५ व्होल्टची घातली की मीटरला वाटतं उजेड जास्त आहे आणि फोटो काळपट येतात. मेडिकलमध्ये कानाच्या मशीनची ६७५ नंबरची बॅटरी मिळते, साधारण १.४ व्होल्टची, ती बाजूने रबरी रिंग घालून बसवायची. स्टिकर काढला की काही आठवड्यांत वाळते, पण स्वस्त आहे.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. लोक प्रेमाने कॅमेरा त्याच्या मूळ चामड्याच्या केसमध्ये जपून ठेवतात आणि तिथेच घात होतो, चामडं ओल धरतं, बुरशीला आयतं घर. केस वेगळी ठेवा, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून. तांदळात पुरून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याची पूड आत जाते. आणि महिन्यातून एकदा रिकामाच दहा-बारा वेळा चालवा, सगळ्या स्पीडला.

खर्चाचं खरं सांगायचं तर रंगीत रोल, धुणं आणि स्कॅनिंग धरून मला एका रोलचे हजार ते दीड हजार पडतात, म्हणून मी जास्त करून ब्लॅक अँड व्हाइट वापरतो आणि घरीच धुतो. केमिकलच्या पुड्यावर दिलेला धुण्याचा वेळ २० अंश तापमानाचा असतो आणि मे महिन्यात आमच्या ठाण्याच्या नळाला ३० अंशांचं पाणी येतं, तेव्हा केमिकलची बाटली बर्फाच्या पाण्याच्या बादलीत उभी करून थर्मामीटर घेऊन बसायचं. पाणी गरम राहिलं तर निगेटिव्ह काळीकुट्ट येते.

तर विकत घ्यायच्या आधी घरच्या माळ्यावर, काकांच्या कपाटात एकदा बघा. सापडला तर उत्साहाने मागचं झाकण उघडू नका. डावीकडची गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. सैल फिरली तर आत काही नाही. अडल्यासारखी, ताणल्यासारखी लागली तर आत रोल आहे. मग खालचं छोटं बटण दाबून तो सैल होईपर्यंत पूर्ण गुंडाळायचा आणि तो डबीत टाकून लॅबवाल्याला जुना आहे म्हणून सांगून द्यायचा. मला असा एकदा एका कॅननेटमध्ये मिळाला होता, ३६ पैकी चार फोटो आले, चारही एकाच व्हरांड्यातले, वाळत घातलेल्या धोतरामागे अर्धवट दिसणारी एक मुलगी, आणि चौथ्यात ती नाही, नुसतं धोतर.